दाबोळी ते मोपा : अंतर आणि प्रवासाचा वेळ

दोन स्थळांमधील अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर रस्त्याच्या कडेला रोवलेल्या दगडावर सापडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील जुन्या पिढीची रीत मात्र वेगळी होती. तेथे अंतर सांगावयाचे ते वेळेच्या हिशेबाने : घाटी उतरावयास किती, नदीकाठी होडीची वाट पाहण्यात किती, पैलतीरावरून पुढे किती. आजच्या विमानप्रवासाच्या युगात ही रीत कालबाह्य झाली असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः दाबोळी आणि मोपा या गोव्यातील दोन विमानतळांमधील प्रवासाचा विचार करू लागले की, त्या जुन्या रीतीतील शहाणपण नव्याने ध्यानात येते.

गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढ्या लहान राज्यात आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे दोन विमानतळ असावेत ही गोष्ट असाधारण आहे. पैकी दाबोळीचा विमानतळ मुरगाव तालुक्यात, वास्को शहराच्या शेजारी आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. नकाशावर दोहोंमध्ये सरळ रेघ ओढली तर ती सुमारे चाळीस किलोमीटर, म्हणजे बावीसएक सागरी मैल भरते. जेट विमान आपल्या नेहमीच्या वेगात असेल तर एवढे अंतर ते तीन मिनिटांत तोडते. रस्त्याने मात्र हेच अंतर साठ किलोमीटरच्या वर जाते आणि त्यासाठी सामान्यतः दीड तास लागतो; गर्दीच्या वेळी दोन तास, आणि एखाद्या पुलावर वा वळणावर अपघात झाला असेल तर त्याहूनही अधिक.

चाळीसचे साठ कसे होतात, याचे उत्तर भूगोलात आहे. कोकणात सपाट जमीन दोनच ठिकाणी आढळते. एक खाली, नदीकाठच्या खाजनांत आणि भातशेतीत. दुसरी वर, जांभ्या दगडाच्या सड्यावर. खाजनात धावपट्टी बांधता येत नाही, म्हणून दोन्ही विमानतळ सड्यावर गेले. एक सडा मुरगावचा, दुसरा मोप्याचा. या दोहोंच्या मधोमध गोव्याच्या नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे समुद्राला मिळतात : जुवारी, मांडवी आणि शापोरा. प्रत्येक नदी मुखाशी रुंद, भरती-ओहोटीच्या अधीन आणि दोन्ही तीरांना पाणथळ जमीन राखणारी. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याला सरळ जाण्याचे स्वातंत्र्य नाही. जेथे पूल आहे तेथेच त्याने जावयाचे. दाबोळी ते मोपा हा प्रवास खऱ्या अर्थाने तीन पुलांचा प्रवास आहे.

हे पूल नव्हते तेव्हाची स्थिती आठवणारी माणसे अद्याप आहेत. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीने १९५५ साली सुरू केला. भारताने त्या सुमारास आर्थिक निर्बंध लादल्यामुळे बाहेरच्या जगाशी हवाई संबंध राखणे त्या राजवटीला निकडीचे वाटू लागले होते. गोव्याची त्या काळची विमान कंपनी कराचीसारख्या ठिकाणी विमाने पाठवीत असे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी येथील धावपट्टीवर बॉम्बवर्षाव केला, आणि तरीही त्याच रात्री दोन प्रवासी विमाने उखडलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या भागावरून उड्डाण करून कराचीला निसटली. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली विमानतळाचा ताबा नौदलाकडे आला, आणि आजही दाबोळी हा नौदलाचा 'हंसा' तळ असून नागरी वाहतूक त्याच्या एका भागातून चालते. त्या आरंभीच्या वर्षांत पेडण्याच्या माणसाला दाबोळी गाठावयाची तर मांडवीवर बेती-पणजी आणि जुवारीवर आगशी-कुठ्ठाळी अशा दोन फेरीबोटी कराव्या लागत. विमानात घालवावयाच्या वेळेपेक्षा विमानापर्यंत पोहोचण्याचा वेळ अधिक, ही गोव्याची तक्रार तेव्हापासूनची आहे.

मांडवीवरील पूल १९७० साली आणि जुवारीवरील पूल १९८३ साली वाहतुकीस खुला झाला, तेव्हा या मार्गाने उत्तर आणि दक्षिण गोवा अखंड रस्त्याने जोडले गेले. हे समाधान अल्पकाळ टिकले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला. ऐन पावसाळ्यात पुन्हा फेरीबोटींचा आधार घ्यावा लागला, आणि बार्देश, पेडणे व डिचोलीकडून येणाऱ्या हजारो लोकांचे दिवसाचे गणित एका रात्रीत बदलले. नवा पूल १९९२ साली झाला. त्या काळात पणजी आणि म्हापसा यांमधील किलोमीटर तेवढेच राहिले होते. बदलला होता तो फक्त वेळ. दोन ठिकाणांमधील अंतर हे शेवटी सर्वांत दुबळ्या पुलावर अवलंबून असते, हा धडा गोव्याइतका क्वचितच दुसऱ्या कुणाला मिळाला असेल.

जुवारीच्या जुन्या पुलावरही कालांतराने जड वाहनांना निर्बंध घालावे लागले. त्यानंतरची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. पणजीजवळ मांडवीवर तारांनी तोललेला अटल सेतू २७ जानेवारी २०१९ रोजी खुला झाला. जुवारीवरील नव्या आठपदरी पुलाची एक बाजू २९ डिसेंबर २०२२ रोजी आणि दुसरी २०२३ च्या डिसेंबरात खुली झाली. मोप्याहून पहिले नागरी उड्डाण ५ जानेवारी २०२३ रोजी झाले, म्हणजे जुवारीचा नवा पूल आणि मोप्याची वाहतूक यांत अवघ्या आठवड्याचे अंतर होते. हा योगायोग असला तरी त्याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. जुना पूल एकटाच असता तर दाबोळीला उतरलेल्या प्रवाशाने त्याच दिवशी मोप्याहून पुढचे विमान धरण्याचा बेत आखणे हे धाडसच ठरले असते.

आजचा मार्ग असा आहे. दाबोळीहून चिखली मार्गे कुठ्ठाळी, तेथे जुवारी ओलांडून आगशी, मग बांबोळीमार्गे पणजीच्या बाहेरून अटल सेतू, पर्वरी, गिरी, म्हापसा, कोलवाळ, तेथे शापोरा ओलांडून धारगळ, आणि धारगळहून विमानतळाचा सहापदरी जोडरस्ता. हा जोडरस्ता २०२४ साली खुला होईपर्यंत प्रवाशांना महामार्ग सोडून गावांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांनी सडा चढावा लागे. आता तो शेवटचा टप्पा काही मिनिटांचा झाला आहे. मधला टप्पा मात्र तसाच आहे. पर्वरी ते म्हापसा हा पट्टा केवळ महामार्ग नाही; ती एक सलग वसाहत आहे. सकाळी पणजीकडे जाणारे कर्मचारी, संध्याकाळी परतणारे, शनिवार-रविवारी किनाऱ्याकडे वळणारे पर्यटक, आणि अलीकडे पर्वरी येथे हाती घेण्यात आलेले उन्नत मार्गाचे बांधकाम, या सर्वांचा भार याच पट्ट्यावर पडतो. रात्री दोन वाजता जो प्रवास सव्वा तासात होतो, त्याला संध्याकाळी सहा वाजता दुप्पट वेळ लागणे अशक्य नाही.

येथे दाबोळीच्या एका वैशिष्ट्याचा उल्लेख करणे अवश्य आहे. नौदलाच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास या धावपट्टीवर नागरी विमानांना मर्यादा असते. संरक्षणाच्या दृष्टीने ही व्यवस्था अपरिहार्य आहे, आणि तिच्याविरुद्ध कुरकुर करणाऱ्यांनी धावपट्टी मुळात कोणाची आहे हे विसरू नये. परंतु तिचा परिणाम असा होतो की, नागरी विमाने दुपारनंतर आणि रात्री दाटीने येतात. चार-पाचच्या सुमारास उतरलेला आणि मोप्याला जावयाचा प्रवासी सामान घेऊन बाहेर पडतो तो नेमका रस्त्यावरील गर्दीच्या तोंडी. विमानाचे वेळापत्रक आणि रस्त्याचे वेळापत्रक यांचा मेळ कोणीही मुद्दाम बिघडवलेला नाही. तो तसा जुळून आलेला आहे, आणि म्हणूनच सुधारण्यास कठीण आहे.

आकाशातील शेजार मात्र तुलनेने निभावता येण्याजोगा आहे. दोन्ही धावपट्ट्या साधारणपणे पूर्व-पश्चिम असल्यामुळे उतरणाऱ्या विमानांच्या रेषा एकमेकींना समांतर राहतात. चाळीस किलोमीटरांवर उत्तर-दक्षिण धावपट्टी असती तर नियंत्रकांचे काम कितीतरी अधिक अवघड झाले असते. तरीही समन्वय लागतोच, कारण दाबोळीचे हवाई नियंत्रण नौदलाकडे आहे आणि मोप्याहून उडालेले विमान काही मिनिटांत शेजाऱ्याच्या अवकाशाजवळ पोहोचते. केंद्र सरकारच्या २००८ सालच्या धोरणाने अस्तित्वातील नागरी विमानतळापासून हवाई अंतराने १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ करावयाचा असल्यास परिणामांची विशेष तपासणी आवश्यक ठरवली आहे. मोप्याला तत्त्वतः मान्यता त्याआधीच, २००० साली मिळालेली होती. पण धोरणातला एक शब्द विचार करावयास लावतो, आणि तो म्हणजे 'हवाई'. शासन अंतर मोजते ते आकाशातून. प्रवासी ते अंतर चाकांवर तोडतो.

मोप्याचा इतिहास सुखासुखी घडलेला नाही, आणि तो सांगितल्याविना पेडणे तालुक्याचा या प्रश्नाशी असलेला संबंध कळणार नाही. मोपा, कासारवर्णे, चांदेल, वारखंड, उगवे या परिसरातील दोन हजारांहून अधिक एकर जमीन प्रकल्पासाठी संपादन करण्यात आली. त्यात काजूच्या बागा होत्या, गुरांची चराऊ कुरणे होती, आणि पठारावर राहणाऱ्या काही धनगर कुटुंबांना आपली वस्ती सोडावी लागली. कोनशिला १३ नोव्हेंबर २०१६ रोजी बसवण्यात आली. पर्यावरणविषयक मंजुरीतील त्रुटींमुळे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ती मंजुरी स्थगित केली आणि अधिक अटी घालून जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव विमानतळाला देण्यात आले. पहिल्या टप्प्यातील क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची ठरवण्यात आली होती. ज्या गावांनी जमीन दिली त्यांनी मोबदल्याव्यतिरिक्त एक अपेक्षाही मनात धरली होती, की हा विमानतळ येथेच राहील आणि भरभराटीस येईल. ती अपेक्षा पुरी व्हावयाची की नाही, हे बऱ्याच अंशी दाबोळी-मोपा या रस्त्यावर ठरणार आहे.

हे विधान अतिशयोक्त वाटू नये म्हणून दूरच्या एका शहराचे उदाहरण घेण्याजोगे आहे. कॅनडातील मॉन्ट्रियलचा जुना विमानतळ दोर्व्हाल येथे, शहरालगत होता. तो अपुरा पडेल या अंदाजाने १९६९ साली शहराच्या वायव्येस मिराबेल येथे जवळजवळ ९७,००० एकर जमीन संपादन करण्यात आली. हजारो शेतकरी कुटुंबांची जमीन त्यात गेली. १९७५ साली नवा विमानतळ उघडला आणि आंतरराष्ट्रीय विमाने तेथे नेण्यात आली. देशांतर्गत विमाने मात्र दोर्व्हाललाच राहिली. दोहोंना जोडणारा लोहमार्ग झाला नाही आणि नियोजित महामार्ग अपुरा राहिला. परिणामी एका विमानातून दुसऱ्या विमानात बदल करणाऱ्यांना शहराच्या बाहेरून लांबचा प्रवास करावा लागे. प्रवाशांनी याला सोपे उत्तर शोधले : ते टोरांटोमार्गे जाऊ लागले. १९९७ साली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे दोर्व्हालला परत आली, आणि ३१ ऑक्टोबर २००४ रोजी मिराबेलहून शेवटचे प्रवासी विमान उडाले. बरीचशी शेतजमीन त्याआधीच मूळ मालकांना परत विकण्यात आली होती. विमानतळ मोठा होता, सुसज्ज होता. उणीव होती ती दोन विमानतळांमधल्या खात्रीच्या वाटेची.

लंडनचे उदाहरण याच्या उलट आहे आणि गोव्याच्या अधिक जवळचे आहे. हीथ्रो आणि गॅटविक यांमधील हवाई अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे दाबोळी-मोपा एवढेच. रस्त्याचे अंतरही तितकेच, साठीच्या वर. तेथे १९७८ पासून १९८६ पर्यंत दोन विमानतळांमध्ये प्रवाशांसाठी चक्क हेलिकॉप्टरची सेवा चालवण्यात आली. सुमारे पाव तासाचा प्रवास. आवाजाने त्रस्त झालेल्या रहिवाशांचा विरोध होताच, आणि शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाचा या दोन विमानतळांमधील भाग पुरा झाल्यावर ती सेवा बंद करण्यात आली, कारण तिचे प्रयोजन उरले नाही. आजही त्या दोन विमानतळांमध्ये थेट बसगाड्या धावतात.

गोव्यात प्रवाशाची फसगत बहुधा घरबसल्याच होते. दोन्ही विमानतळांची गावे वेगळी असली तरी तिकिटावर 'गोवा' हेच नाव असते. फरक दाखवतात ती केवळ तीन अक्षरी चिन्हे : दाबोळीचे जीओआय आणि मोप्याचे जीओएक्स. शेवटच्या एका अक्षराकडे दुर्लक्ष झाले की साठ किलोमीटरांची चूक होते. एखाद्या प्रवाशाने स्वस्त मिळाले म्हणून दाबोळीला उतरणारे एक आणि मोप्याहून निघणारे दुसरे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे घेतली, तर पहिले विमान उशिरा आल्यास दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही. हिशेब असा मांडावा लागतो : विमान दहाला टेकले, सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत पावणेअकरा, रस्त्याला दोन तास धरले तर पाऊण वाजला, देशांतर्गत विमानाची तपासणी-खिडकी सामान्यतः सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. म्हणजे पावणेदोनच्या आधीचे विमान केवळ नशिबावर सोडलेले. पहिल्या विमानाला तासाभराचा उशीर गृहीत धरला तर पाच तासांचे अंतर ठेवणे हेच शहाणपणाचे. परदेशी जाणाऱ्यास तीन तास आधी हजर व्हावे लागते, म्हणून त्याने सात तास धरावेत.

पर्यटकाचे विमान चुकले तर त्याची एक रात्र आणि काही हजार रुपये जातात. गोव्याच्या खलाशाचे तसे नाही. मुरगाव, सासष्टी आणि बार्देश तालुक्यांतील अनेक घरांची उपजीविका परदेशी जहाजांवरील नोकरीवर आहे, आणि जहाज बंदरात ठरलेल्या दिवसापलीकडे थांबत नाही. एक विमान चुकले म्हणजे सहा-आठ महिन्यांचा करार हातचा जाण्याचा धोका. डिचोली-पेडण्याकडून आखाती देशांत कामास गेलेल्यांची रजा मोजून मापून मिळालेली असते. या माणसांना दोन विमानतळांमधील वेळ नेमका किती, हे आधी कळणे ही सोय नसून गरज आहे.

डिचोली तालुक्याची स्थिती या संदर्भात विशेष आहे. डिचोली शहरापासून मोपा सरळ रेषेत वीस किलोमीटरांच्या आतबाहेर आहे आणि दाबोळी सत्तावीसएक. दोन्हींकडे जाताना नदी आडवी येते : दाबोळीकडे मांडवी, मोप्याकडे शापोरा. पण डिचोलीचे रस्ते पूर्वीपासून खनिजवाहतुकीसाठी घडलेले, म्हणजे खाणींकडून मांडवीच्या धक्क्यांकडे जाणारे. उत्तरेकडे जाणारी वाट कोणालाही फारशी निकडीची वाटली नव्हती. त्यामुळे अस्नोडा, थिवी अशा मार्गाने प्रथम पश्चिमेला कोलवाळच्या महामार्गापर्यंत यावयाचे आणि मग मोप्याकडे वळावयाचे, हीच रुळलेली वाट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेलेले हे दोन तालुके 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले गेले आणि दळणवळणात दीर्घकाळ मागे राहिले. आता त्यांच्या सीमेवर विमानतळ आला आहे. पण सहापदरी जोडरस्ता पणजीकडून येणाऱ्याची सोय आधी पाहतो, साळ किंवा इब्रामपूरकडून येणाऱ्याची नंतर. पेडण्याच्या पूर्व भागातील आणि डिचोलीच्या उत्तर भागातील गावरस्ते रुंद करणे हे काम खर्चाने जोडरस्त्याच्या मानाने लहान आहे. ते मागे पडू नये.

सीमेपलीकडचाही विचार हवा. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग येथील प्रवाशांना मोपा हाताशी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा स्वतःचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, आणि तोही मोप्यापासून हवाई अंतराने पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे. दाबोळी, मोपा आणि चिपी असे तीन विमानतळ एका पट्ट्यात आले. मुंबईलाही २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबई येथून उड्डाणे सुरू होऊन दुसरा विमानतळ मिळाला, तेव्हा दोन विमानतळांमधील वेळेचा प्रश्न आता एकट्या गोव्याचा राहिलेला नाही. मुंबईतही खाडी ओलांडावयास अटल सेतूच आहे. नाव एकच असल्याने गोव्याच्या प्रवाशाची गल्लत झाली तर नवल नाही.

रेल्वेचा मार्ग कागदावर आकर्षक दिसतो. दाबोळीजवळ वास्को मार्गावरील स्थानक आहे आणि उत्तरेस कोकण रेल्वेचे पेडणे स्थानक. परंतु वास्कोकडून येणाऱ्या गाडीला प्रथम दक्षिणेस मडगावकडे जावे लागते, तेथे गाडी बदलावी लागते, आणि पेडण्याला उतरल्यावर मोप्याचा सडा पुन्हा रस्त्यानेच चढावा लागतो. सामान घेतलेल्या प्रवाशाला हा पर्याय सुचवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तेव्हा व्यवहार्य उपाय रस्त्यावरच शोधावे लागतात. दोन विमानतळांमध्ये ठरावीक वेळांना सुटणारी, मध्ये म्हापसा आणि पणजी एवढेच थांबे घेणारी आणि विमानांच्या दुपारनंतरच्या दाटीशी जुळवून घेणारी थेट बससेवा हा त्यांतला पहिला. कदंब महामंडळाला १९८० पासूनचा अनुभव आहे आणि विमानतळावरील बसगाड्यांचाही सराव आहे. दुसरा उपाय जवळजवळ फुकटचा आहे. दोन्ही विमानतळांवर, तसेच पेडणे, म्हापसा, डिचोली व वास्को येथील बसस्थानकांवर एक फलक लावावा. त्यावर दाबोळी ते मोपा किती किलोमीटर एवढेच न लिहिता, सकाळी किती वेळ, संध्याकाळी किती, पावसाळ्यात किती, आणि पर्वरीत वाहतूक खोळंबली असता किती, हे मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत स्पष्ट लिहावे. त्यात सरासरी वेळ देऊ नये. ज्याचे जहाज सुटणार आहे त्याला अधिकात अधिक किती वेळ लागतो तेच जाणून घ्यावयाचे असते.